भोंगा आणि पाळणा

गेल्या आठवड्यांत एके दिवशीं पहांटे फिरावयास निघालों असतां निगडीच्या नाक्यावर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची गांठ पडली. चाकणच्या एका कारखान्यांत ती अभियंता आहे. पहिल्या पाळीच्या बससाठीं उभी होती. कुशलप्रश्न झाल्यावर ती म्हणाली, "सर, मी निघतें तेव्हां धाकटी निजलेली असते. परवां ती पाळणाघरांतल्या मावशींना आई म्हणाली. माझें कांहीं चुकतें आहे का?" इतक्यांत बस आली आणि आमचें उत्तर ओठांतच राहिलें. वैद्याला प्रश्न केला तर तो नाडी पाहतो. इतिहासाचा अध्यापक जुनीं कागदपत्रें चाळतो. आम्हीहि तेंच केलें.

आई-बापांच्या मनांतील ही बोचणी अनादि आहे असें पुष्कळांना वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. काम व घर हीं जोंपर्यंत एकाच अंगणांत नांदत होतीं, तोंपर्यंत तिला फारसा वावच नव्हता. खुरपणी करणाऱ्या बाईची झोळी बांधावरच्या बाभळीला टांगलेली असे आणि कुंभाराचें पोर चाकाशेजारींच चिखलांत खेळे. खुद्द चिंचवडचें उदाहरण घ्या. चाफेकर बंधूंचे वडील हरि विनायक हे कीर्तनावर प्रपंच चालवीत. पगारी साथीदार ठेवण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यांनीं मुलांनाच साथीला घेतलें. तेथें बापाचा धंदा आणि मुलांचें संगोपन हीं निराळीं करतांच येत नसत. (अशा सहवासानें मुलें बापाच्याच वाटेनें जातात असें मात्र नव्हे, १८९७ सालीं त्या मुलांनीं कोणती वाट धरली तें वाचकांस ठाऊकच आहे.) त्या जिण्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. दारिद्र्य होतेंच, आणि मुलाचें बालपण कामांतच सरून जाई. पण मूल कोठें ठेवावें हा प्रश्न नव्हता.

तो प्रश्न मुंबईच्या गिरण्यांनीं उभा केला. काम भिंतीच्या आंत गेलें, तान्हें मूल बाहेर राहिलें. अफूची बाळगोळी देऊन मूल निजवावें आणि दहा-अकरा तास यंत्रापुढें उभें राहावें, हा गिरणींतील कित्येक बायकांचा परिपाठ त्या काळच्या चौकशांतून नमूद झालेला आहे. त्या बाईला अडाणी म्हणणें सोपें होतें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बाळंतपणाच्या भत्त्याचें बिल आलें, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा दिला. मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, म्हणून सरकारनेंहि तिचा भार उचलावा, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढील वर्षीं कायदा झाला.

आमच्या पट्ट्यांत भोंगा उशिरां वाजला. पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें, आणि त्याच दशकांत आकुर्डीस बजाज व पिंपरीस टेल्को उभी राहिली. १९७० ची नगरपालिका १९८२ सालीं महानगरपालिका झाली. सातारा, कोंकण, मराठवाडा अशा चोहों दिशांनीं माणसें आलीं. आजी-आजोबा मात्र बहुधा गांवींच राहिले. आमचे वडील असेच आलेले. रातपाळीच्या आठवड्यांत "बाबा निजले आहेत, आवाज करूं नका" एवढेंच त्यांचें आमच्या दिवसांत स्थान असे. घर दोन खोल्यांचें; आई आम्हां तिघां भावंडांना भर उन्हांत बाहेर पिटाळी. शाळेच्या बक्षीस-समारंभास वडील कधीं आले नाहींत, आणि यावें असें त्यांना कोणीं म्हटलेंहि नाहीं. बापाच्या गैरहजेरीला त्या वसाहतींत कर्तव्य हें नांव होतें.

कायद्यानेंहि दुसरें नांव दिलें नव्हतें. १९४८ च्या कारखाने कायद्यांत पाळणाघराची सक्ती होती. पण जेथें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामाला असतील तेथेंच. १९७६ सालीं ही संख्या तिसांवर आणली. मोटारी आणि स्कुटरी बनविणाऱ्या कारखान्यांत हजारों पुरुष, आणि बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तेव्हां तें कलम तेथें जागेंच होत नसे. हजारों बाप कामावर होते, परंतु कायद्याच्या लेखीं त्यांतल्या एकालाहि मूल नव्हतें. हें कलम आम्हीं वर्गांत कितीदां तरी शिकविलें. त्याचा हा अर्थ आम्हांस परवांपर्यंत सुचला नव्हता, हें कबूल करतों.

पुढें स्त्रियाहि आल्या. १९७४ सालीं टेल्कोच्या जाहिरातींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये असें छापलें होतें. सुधा कुलकर्णी नांवाच्या तरुण पदवीधर स्त्रीनें जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून त्याचा जाब विचारला, आणि त्या कंपनींत अभियंता म्हणून दाखल झाल्या. येथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना पाठ आहे. विवाहानंतर त्या सुधा मूर्ति झाल्या. १९८१ सालीं पतीनें सहकाऱ्यांसह पुण्यांत इन्फोसिस काढली, तेव्हां दोघांपैकीं एकानेंच त्या धंद्यांत पडावें व दुसऱ्यानें घर पाहावें असें ठरलें. दुसरें कोण, हें सांगावयास नको.

२०१७ च्या दुरुस्तीनें बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसांवर गेली, आणि पुरुष धरून पन्नास माणसें असतील तेथें पाळणाघर आवश्यक ठरलें. बाप प्रथमच मोजणींत आला! पण दिवसांतून चार वेळां मुलाला पाहून येण्याची मुभा त्याच कलमांत होती, ती फक्त आईला. २०२५ च्या नोव्हेंबरांत जुने कायदे जाऊन नव्या संहिता आल्या. चार फेऱ्या तेथेंहि तिच्याच नांवें आहेत. डोकें बापाचेंहि मोजावें, पाय मात्र आईनेंच झिजवावे.

हें सारें आम्हीं त्या विद्यार्थिनीला फोनवर सांगितलें. ती थोडा वेळ गप्प राहिली. तिचे यजमान हिंजवडीस कामाला आहेत. सकाळीं मुलीला पाळणाघरांत सोडून जातात ते रात्रीं दहाशिवाय परतत नाहींत. "पण सर, त्यांचें चुकतें आहे का, असें त्यांना कोणी विचारीत नाहीं. तेहि स्वतःला विचारीत नाहींत."

आम्हांलाहि कधीं कोणीं विचारलें नव्हतें. आमचीं मुलें लहान असतां आम्ही उत्तरपत्रिका तपाशीत बसत असूं. घरांतच, पण दार लावून.

त्या रविवारीं आम्हीं वडिलांना विचारलें. त्यांनीं नुकतीच ८३ वर्षें पुरीं केलीं आहेत. तुम्हांला तेव्हां कांहीं वाटत असे का? ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "दुसऱ्या पाळीहून येईपर्यंत बारा वाजत. दिवा लावला तर तुम्ही जागीं व्हाल, म्हणून दारांतल्या तुमच्या चपला अंधारांतच चांचपून मोजीत असें. तीन जोड भरले कीं आडवा होईं."