तालीम, कीर्तन आणि शाळेचा तास

शाळेत खेळ, संगीत, चित्रकला सक्तीची असावी का, हा प्रश्न आपण एरवी वेळापत्रक समोर ठेवून विचारतो. आज तो आपल्या हिंगोलीच्या इतिहासात ठेवून पाहू.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ ला. पण सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठी पोरांना वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागे. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी लागे. आणि गंमत बघा, आखाडा काढायलाही परवानगीच! १९३८ मध्ये औरंगाबाद आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटलं, तर त्यांना काढून टाकलं. त्यातले पुष्कळ जण पुढे नागपूर विद्यापीठात शिकले. व्यायाम आणि गाणं माणसं एकत्र आणतात, हे त्या राजवटीने पक्कं ओळखलं होतं. आणि आम्ही? परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला देऊन मोकळे होतो.

त्याही आधी, शाळा नव्हत्या तेव्हा, आपल्याकडे संगीत शिकवत होतं कीर्तन. नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. अक्षरओळख नसलेला माणूसही कीर्तनात टाळ धरायला, चाल उचलायला शिकला.

कोणी म्हणेल, हे सगळं सक्तीशिवायच चाललं ना, मग आता सक्ती कशाला? प्रश्न रास्त आहे. पण तालमीत कोण जायचं? पोरं, पोरी नव्हेत. आवड, ऐपत आणि घरच्यांची मर्जी यांवर सगळं अवलंबून. शाळेचा तास मात्र सगळ्यांचा असतो.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान सांगितलं आहे. सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील, तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितले आहेत. म्हणजे शंभराच्या आतल्या छोट्या गावच्या शाळेला ते मिळण्याची हमी नाही. नेमकी तिथेच गरज जास्त.

म्हणून आमचं म्हणणं असं, की मुलाला गाता आलंच पाहिजे ही सक्ती नको. शाळेला शिक्षक, मैदान आणि राखीव तास मिळालाच पाहिजे, ही सक्ती हवी. आणि ती सरकारवर हवी.