लोकप्रिय गायकाचे लक्षण

गायकाच्या अंगी कोणते गुण असले म्हणजे लोक त्यास डोक्यावर घेतात, हा प्रश्न परवा मलकपेठेत एकादशीच्या भजनानंतर निघाला. तरुण मंडळी सिनेमातील नावे घेत होती. आम्हांस मात्र नारायणराव राजहंस आठवले. कारण नुकताच म्हटलेला कान्होपात्रेचा अभंग १९३१ सालच्या नाटकातील चालीवर होता, आणि म्हणणाऱ्यांपैकी कोणासही त्याची वार्ता नव्हती.

बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. आवाज गोड, रूप देखणे, हे खरेच. परंतु एवढ्याने भागते तर घरोघर बालगंधर्व निपजले असते. १९१६ च्या 'स्वयंवरा'तील पदांस भास्करबुवा बखले यांनी रागदारीच्या चाली दिल्या, आणि त्या नारायणरावांच्या गळ्यातून उतरताना शब्द कोठे पुसट झाला नाही. जाणकारास राग मिळाला, घरच्या बायकांस पद मिळाले. एकाच बैठकीत दोघांचे समाधान करणे, यातच आमच्या मते लोकप्रियतेचे मर्म आहे. लुगडे कसे नेसावे, हे बायका एका पुरुष नटाकडून शिकल्या! केरीच्या केसरबाई केरकर यांची थोरवी कोण नाकारील? त्यांची भैरवी १९७७ साली 'व्हॉयेजर' यानातून अंतराळात गेली; पण आळीतल्या पोराच्या ओठी ती बसली नाही.

या प्रेमाची किंमतही जबर होती. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. तिकिटे विकली गेली होती. नारायणराव भामिनी होऊन उभे राहिले. हे कर्तव्य की प्रेक्षकांचे दास्य, याचा निवाडा आम्हांस अजून करता आलेला नाही. पुढे १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसल्यांसह 'संयुक्त मानापमान' झाले, तेव्हा त्याच भामिनीसाठी मुंबईत गर्दी लोटली.

मखमल, अत्तर यांवर पैसा उधळून मंडळी कर्जात बुडाली. बोलपट आले, १९३५ च्या 'धर्मात्म्या'त ते एकनाथ झाले, पण रंगभूमीवरची जादू पडद्यावर उतरली नाही. १९६४ साली पद्मभूषण, १९६७ साली देहान्त. मधल्या काळात पाय अधू झाले, तेव्हा ते बसून अभंग गात. ना शालू, ना दागिने. लोक तरीही येत.

मलकपेठेतल्या एका मुलाने ती चाल पुन्हा म्हणावयास सांगितली. आम्ही म्हटली, जमेल तशी.