सोडचिठ्ठीचा कागद

घटस्फोट ही पाश्चात्त्यांची देणगी होय असे म्हणणारे विद्वान ‘सोडचिठ्ठी’ हा आपलाच शब्द विसरतात. आमच्याकडे कित्येक जातींत पंचांसमक्ष फारकत होई व स्त्रीस पाट लावण्याची मोकळीक मिळे. अडून राहिली ती उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या घरांतील स्त्री. बडोद्याने १९३१ साली व मुंबई प्रांताने १९४७ साली तिला कायद्याने वाट करून दिली; नागपूर पडले मध्यप्रांतात, म्हणून येथील हिंदू स्त्रीस १८ मे १९५५ पर्यंत थांबावे लागले. तत्पूर्वीची फारकत न्यायालयाच्या दप्तरात शोधणाऱ्याचे हाती फारसे लागावयाचे नाही. ती घरच्या रुमालात पाहावी. नव्या कायद्याच्या २९व्या कलमाने रूढीची फारकत राखली खरी. परंतु वाद निघाल्यास रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर, आणि सोडचिठ्ठीचा कागद बहुधा बाईपाशी नसतोच.