पेठेचा संघ आणि परवान्याचा संघ

भारतीय फुटबॉलमध्ये एक परवाना आहे. २०१४ साली तो पुण्याला मिळाला आणि त्यावर एफसी पुणे सिटी हा संघ इंडियन सुपर लीगमध्ये उतरला. २०१९ मध्ये तो हैदराबादला गेला, २०२५ मध्ये दिल्लीला. अकरा वर्षांत तीन शहरं आणि तीन नावं. मधल्या मुक्कामात, मार्च २०२२ मध्ये, त्याच परवान्यावर हैदराबादने लीगचं अजिंक्यपदही मिळवलं. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला हा मुलगा. महाराष्ट्रातून गेलेल्या परवान्याला महाराष्ट्राच्याच पोराने चषक मिळवून दिला, तेव्हा पुण्यातल्या चाहत्यांची ‘ऑरेंज आर्मी’ कुणासाठी टाळ्या वाजवत असेल, हा प्रश्न मला अजूनही त्रास देतो.

माझी नोकरी बँकेत गेली. कर्जाची फाइल समोर आली की आम्ही पहिल्यांदा बघायचो, धंद्यात पैसा येतो कुठून आणि किती ठिकाणांहून. एकाच गिऱ्हाइकावर चालणारा कारखाना कितीही नफ्यात असला तरी हात आखडता घ्यायचा, हे साहेबांनी शिकवलेलं. फुटबॉल क्लबांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशेब मी याच नजरेने मांडतो. त्याची सुरुवात माझ्या घरातच होते.

माझे वडील हैदराबाद राज्याच्या पोलीस दलात होते, नेमणूक औरंगाबादला. राज्यकारभाराची भाषा उर्दू, त्यामुळे त्यांचं वाचन उर्दू. हैदराबादहून येणारा ‘सियासत’ ते शेवटच्या पानापासून उघडत. हैदराबाद सिटी पोलीस या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्या पाच वर्षांतल्या प्रत्येक निकालाची तारीख वडिलांना पाठ होती. १९५० मध्येच या संघाने मोहन बागानला हरवून दिल्लीचा ड्युरँड कपही नेला. कप नेणारे शिपाई आणि जमादार होते, आपल्याच दलातले, आपल्याच पगारपत्रकावरचे. वडिलांच्या तोंडी त्या संघाचं नाव ‘अपनी पुलिस’ एवढंच होतं.

या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मुळात शाळामास्तर. काचीगुड्याच्या शाळेत त्यांनी शिकवलं होतं. मनमाडहून निघालेली मीटरगेजची गाडी औरंगाबाद, जालना, परभणी करत जिथे थांबायची, ते हे काचीगुडा. रहीमसाहेबांनी पोरांना कमकुवत पायाने खेळायला लावलं, ड्रिबलिंगला बंदी असलेल्या स्पर्धा भरवल्या, एका स्पर्शात चेंडू पुढे द्यायची सवय लावली. पुढे ते भारताचे प्रशिक्षक झाले.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. वडिलांच्या टोपीवरचं चिन्ह बदललं, वरिष्ठ बदलले, अर्ज मराठीत लिहायची वेळ आली. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे, आणि बाकावर प्रशिक्षक रहीमसाहेब. जुन्या राज्याचा मास्तर आणि नव्या राज्याचा गोल करणारा; वडील ही गोष्ट मरेपर्यंत सांगत राहिले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आजवर ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आपण त्याच्या वर गेलेलो नाही.

मग ‘अपनी पुलिस’चं काय झालं? संघ आंध्र पोलीस या नावाने साठच्या दशकात काही वर्षं चमकला आणि हळूहळू मागे पडत गेला. १९६२ मध्ये जकार्त्याला आशियाई सुवर्ण मिळवून देणारे रहीमसाहेब १९६३ च्या जूनमध्ये कर्करोगाने गेले. कोलकात्याच्या क्लबांकडे पैसा होता, नाव होतं. हैदराबादचा बलरामसारखा हिरा १९५७ मध्येच ईस्ट बंगालकडे गेला. पोलिसांचा संघ सरकारी तिजोरीवर आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या आवडीवर उभा होता. ज्यांची आवड होती ते निवृत्त झाले की भरतीच्या यादीत फुटबॉलपटू दिसेनासे झाले. माझ्या वडिलांसारखे चाहते होते, पण त्या संघाच्या वहीत चाहत्याचा एक रुपयाही जमा होत नव्हता. त्यामुळे संघ मिटताना त्यांना कुणी विचारलंही नाही.

मुंबईची कथा वेगळी नाही. रोव्हर्स कप १८९१ ला सुरू झाला, पहिला मान वूस्टरशायर रेजिमेंटचा. १९३७ मध्ये बेंगळुरूच्या मुस्लिम संघाने गोऱ्या पलटणींची ती सद्दी मोडली. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या कूपरेज मैदानावर कंपन्यांचे संघ आले: टाटा, कॅल्टेक्स, बर्मा शेल, मफतलाल, रेल्वे, बँका. चांगल्या खेळाडूला कायमची नोकरी मिळे, दुपारी सराव, पुढे पेन्शन. त्या काळच्या कनिष्ठ मध्यमवर्गातल्या मुलाला आणखी काय हवं होतं? कॅल्टेक्सने १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला. सत्तरच्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि कॅल्टेक्स हे नावच पाटीवरून उतरलं. १९८२ च्या संपाने गिरण्या कोसळल्या, तेव्हा गिरणगावातल्या मैदानांवरचा खेळही त्यांच्याबरोबर खचला. आणि याच सुमाराला घरात टीव्ही आला. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनाला रात्री जागून बघणाऱ्या पोराला दुसऱ्या दिवशी कूपरेजवरचा खेळ संथ वाटणार, हे उघड होतं. रोव्हर्स कपचा शेवटचा मोसम २०००-०१. एकशे दहा वर्षांची स्पर्धा बंद पडली आणि मुंबईत कुठे निदर्शनं झाली नाहीत.

महिंद्र युनायटेडचं उदाहरण मला सगळ्यात जास्त बोचतं. १९६२ मध्ये सुरू झालेला हा संघ २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता होता, आणि २०१० मध्ये तो बंद झाला. कंपनी अडचणीत नव्हती. शालेय फुटबॉलकडे लक्ष द्यायचं असं ठरलं आणि वरिष्ठ संघ मोडला. कंपनीला तो अधिकार होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण देशातल्या विजेत्या संघाचे सामने मी कूपरेजवर पाहिले आहेत. बाकड्यांवर कंपनीचे कर्मचारी, काही जुने जाणकार, खेळाडूंचे नातलग. शहराला तो संघ आपला वाटलाच नव्हता, कारण शहराकडून त्याने कधी काही मागितलंच नव्हतं.

पुण्यात तर संघांची रीघ लागली. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये आला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ नंतर राहिला नाही. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच मोसम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये थांबला. मुंबई एफसीचाही तोच शेवट, त्याच वर्षी. गोव्यात धेंपोसारख्या पाच वेळा राष्ट्रीय विजेत्या ठरलेल्या क्लबने २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लबबरोबर आय-लीगमधून अंग काढून घेतलं. धेंपो निदान गोव्यात टिकून राहिला आणि पुढे परत वर आला, कारण गोव्यात गावागावांत फुटबॉल आहे. पुण्यात बालेवाडीच्या स्टेडियमवर येणारा प्रेक्षक बस पकडून, हिंजवडीच्या गर्दीतून वाट काढत यायचा. मनापासून यायचा. पण मालकाने दिवा मालवला की त्याने घरी जायचं, एवढाच त्याचा वाटा होता.

आता कोल्हापूर. बँकेने माझी बदली तिथे केली तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराने विचारलं, “साहेब, तुम्ही कुणाचं?” मी म्हटलं, मराठवाड्याचा. “ते न्हवं हो. फुटबॉलात कुणाचं? पाटाकडील का खंडोबा?” तिथे माणसाला पेठ असते आणि पेठेला तालीम असते. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमींमधून फुटबॉलचे संघ निघाले, ही गोष्ट महाराष्ट्रात दुसरीकडे मी पाहिली नाही. शाहू महाराजांच्या काळापासून तालीम म्हणजे पेठेचं घर. आखाडा, गणपती, मोहरमचे पंजे, आणि मग फुटबॉल. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० ची, तेव्हापासून राजघराण्याचा आधार तिला आहे. थंडीत लीग सुरू होते, मग महापौर चषक, सतेज चषक, अटल चषक अशा बाद फेरीच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात.

शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची लढत असली की दुपारी तीनपासून महाद्वार रोडच्या दुकानांत पोरं दिसत नसत. स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठा आपापल्या जागी बसलेल्या. त्या जागा ठरलेल्या आहेत, पाहुण्याला कुणीतरी हाताला धरून योग्य बाजूला नेऊन बसवतो. हलगी सुरू असते. ज्या देशात व्यावसायिक लीगच्या कित्येक सामन्यांना हजारभर माणूस जमत नाही, तिथे जिल्ह्याच्या गावातल्या दोन तालमींसाठी हजारो लोक तिकीट काढून उन्हात बसतात.

मी त्यांच्या पैशाचा माग काढला, सवयच ती. त्याच दुकानदाराच्या कर्जासाठी खतावणी तपासताना गणपतीच्या वर्गणीखाली ‘फुटबॉल’ म्हणून एक नोंद दिसली. दरवर्षी दोन खेळाडूंचे बूट. “हे खर्चात कसं दाखवलं?” असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “घरच्या पोरांचं बूट कुठं दाखवत्यात, साहेब?” पेठेतल्या व्यापाऱ्यांची अशी देणगी, तिकिटाचे पैसे, नेत्यांनी ठेवलेले चषक आणि बक्षिसं, परगावी नोकरी करणाऱ्या जुन्या खेळाडूंनी पाठवलेले पैसे, पेठेतल्या एखाद्या खानावळीने सांभाळलेलं जेवण. यातला एखादा झरा आटला तरी बाकीचे वाहत राहतात. माझ्या हिशेबी ही फाइल मंजूर होण्याजोगी आहे.

त्या प्रेमाला काळी बाजू आहे, तीही लिहायला हवी. पेठेचा अभिमान अनेकदा मारामारीपर्यंत गेला आहे. समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबले, पोलिसांना स्टेडियममध्ये उतरावं लागलं. राजकारण्यांचा पैसा आला तशी बक्षिसाची रक्कम फुगली, आफ्रिकी खेळाडू मानधनावर येऊ लागले, आणि पेठेतल्या पोराला जागा उरते का, हा वाद उभा राहिला. बाहेरच्या खेळाडूंवर मर्यादा हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. पेठेचा पोर मैदानावर दिसला नाही तर दुकानदार बूट कुणासाठी घेईल? आणि एक मर्यादा कोल्हापूरला ओलांडता आलेली नाही: इतका प्रेक्षक असूनही देशाच्या वरच्या लीगमध्ये या शहराचा संघ नाही. अनिकेत जाधवला, निखिल कदमसारख्या इथल्या पोरांना नाव कमवायला बाहेर जावं लागलं. पेठ संघ जगवते. त्याला वर न्यायला लागणारं मोठं भांडवल मात्र तिच्याकडे नाही.

ही कोंडी जगात काही ठिकाणी सुटली आहे. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे: क्लबची कंपनी केली तरी मतांचा निम्म्याहून अधिक हक्क सभासदांकडेच राहायला हवा. भांडवल येऊ शकतं, पण क्लब उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. इंग्लंडमध्ये २००२ साली विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्सला न्यायला परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून आपला वेगळा क्लब उभा केला, खालच्या पायरीपासून सुरुवात केली आणि वर चढत व्यावसायिक लीगमध्ये नेऊन बसवला. पुण्याचा परवाना गेला तेव्हा पुण्यातल्या चाहत्यांकडे असं एकत्र यायला ना नियम होता ना जागा.

आता माझ्या शहराकडे, औरंगाबादकडे येतो. आज ते छत्रपती संभाजीनगर आहे, वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याचं औद्योगिक शहर. आमखास मैदानावर आम्ही पोरं खेळायचो, छावणीत जवानांचे सामने बघायला सायकलवर जायचो. आज गारखेड्याला विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या परिसरात क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे. कॅनॉट प्लेसच्या हॉटेलांत शनिवारी रात्री इंग्लंडचे सामने पडद्यावर लागतात तेव्हा जागा मिळत नाही. खेळ आवडणारी माणसं या शहरात भरपूर आहेत. त्यांना स्वतःचा असा एकही संघ नाही.

उद्या एखादा उद्योगपती इथे लीगचा परवाना आणायला निघाला तर मला आनंदच होईल. पण त्याआधी करायचं काम आपल्या हातात आहे. या शहरात बावन्न दरवाजांच्या आतल्या जुन्या मोहल्ल्यांपासून सिडकोच्या एन-सेक्टरांपर्यंत प्रत्येक वस्तीत संध्याकाळी चेंडू मारणारी पोरं आहेत. त्यांच्या संघाला वस्तीचं नाव द्या. वर्षाला एका पोराचे बूट घ्या. सामन्याला दहा रुपयांचं का होईना तिकीट लावा आणि ते विकत घेऊनच आत जा, वहीत आपलं नाव लिहून घ्या. पुढच्या थंडीत आमखासवर वस्तीच्या संघांची लीग भरवायची तयारी कुणी करत असेल, तर हिशेब लिहायला मी येईन.