रक्ताच्या आकड्याला निवाड्याचा अधिकार नाही

महाधमनीचा आतला पदर अचानक फाटतो, रक्त भिंतीच्या थरांत घुसते आणि स्वतःसाठी दुसरी, खोटी वाट काढते. फाट हृदयालगतच्या चढत्या भागात असेल तर तातडीची शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. अशा रुग्णांबाबत हल्ली एक मत जोर धरते आहे. दाखल होताच रक्त घ्यावे आणि डी-डायमर, ट्रोपोनिन, सीआरपी, क्रिएटिनिन, लॅक्टेट, न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर पाहावे. कोण वाचेल आणि कोण नाही, हे त्यावरून कळते, असे हे मत.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो पूर्ण मांडला पाहिजे. तपासण्या स्वस्त आहेत, अहवाल लवकर मिळतो आणि सीटी स्कॅन नसलेल्या ठिकाणीही रक्त काढता येते. शिवाय मृत रुग्णांच्या गटात हे आकडे सरासरीने चढे असतात, असे अनेक अभ्यासांत दिसते. इथपर्यंत माझा काहीच आक्षेप नाही. पण गटाच्या सरासरीवरून खाटेवरच्या एका माणसाचे भवितव्य सांगता येते काय? वाचलेल्यांचे आणि दगावलेल्यांचे आकडे मोठ्या प्रमाणात एकमेकांत मिसळलेले असतात. सरासरीतला फरक खरा असतो, तरी त्यावरचे भाकीत फसते.

त्याहून मोठी अडचण घड्याळाची आहे. सीआरपी वाढायला सहा-आठ तास लागतात आणि शिखर गाठायला सुमारे दोन दिवस. एक रुग्ण वेदना सुरू झाल्यावर तासाभरात पोहोचतो. दुसरा तीन दवाखाने फिरून बारा तासांनी. पहिल्याचा सीआरपी कमी, दुसऱ्याचा जास्त. मग पहिला सुरक्षित म्हणायचा का? उलट सर्वांत घातक तास त्याच्या पुढ्यात आहेत आणि दुसरा ते ओलांडून आला आहे. जे वाटेतच गेले, त्यांचे रक्त तर कोणी काढलेच नाही. वेदनेची वेळ न नोंदवता मांडलेला आकडा आजाराबद्दल जेवढे सांगतो, तेवढेच प्रवासाबद्दलही.

आता या आकड्यांसाठी ठरवल्या जाणाऱ्या सीमारेषांकडे वळू. एकाच रुग्णालयातले काही डझन मृत्यू घ्यायचे, त्यांच्याच माहितीतून सर्वांत सोयीची सीमा शोधायची आणि त्याच माहितीवर तिची अचूकता जाहीर करायची, ही रीत सर्रास दिसते. प्रश्नपत्रिका स्वतःच काढून सोडवणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणांना जेवढी किंमत, तेवढीच या अचूकतेला. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या रुग्णांवर ती सीमा टिकली का, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तराची सीमा अभ्यासागणिक बदलते आणि ते गुणोत्तर संसर्ग, ताण, स्टेरॉइड अशा कशानेही चढते.

डी-डायमरबाबत तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. त्याची कीर्ती निदानातली आहे आणि ती रास्त आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १८५० रुग्णांच्या अभ्यासात, लक्षणांवरून धोका फार नाही आणि डी-डायमरही ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आहे, अशा रुग्णांत आजार निसटण्याचे प्रमाण हजारी तीन निघाले. आजार नाही, हे सांगण्यास हे उत्तम. पण आजार आहे हे ठरल्यावर माणूस जगेल का, हा निराळा प्रश्न आहे. भिंतीतच गोठलेल्या रक्ताच्या प्रकारात डी-डायमर कमी राहू शकतो, तरी तो प्रकारही जीवघेणा असतो. कमी आकडा इथे अभय देत नाही.

मग अंदाज कशावर बांधावा? २०२० मध्ये या आजाराच्या जर्मन नोंदवहीवरून तयार झालेले गुणांकन पाहा. वय, आधीची हृदयशस्त्रक्रिया, हृदयस्पंदन परत आणण्याची वेळ आली का, श्वासनलिकेत नळी घातली आहे का, अर्धांगवायू, अवयवांचा तुटलेला रक्तपुरवठा, फाटीची जागा आणि विस्तार हे सारे त्यात आहे. रक्ततपासणीचा आकडा एकही नाही. लॅक्टेटचे मोल मी मान्य करतो. ते ऊतींच्या उपासमारीची बातमी देते. पण आतड्याचा पुरवठा तुटूनही सुरुवातीला ते साधारण असू शकते.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी. आकडा वाईट म्हणून शल्यचिकित्सकाने नकार दिला, रुग्ण दगावला आणि आकडा खरा ठरला, हा पुरावा म्हणायचा का? या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या २००० सालच्या अहवालात चढत्या महाधमनीच्या रुग्णांपैकी शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २६ टक्के होते, न झालेल्यांत ५८. शस्त्रक्रिया न झालेले मुळातच अधिक वृद्ध आणि गंभीर होते, हे खरे. सगळा फरक सुरीचा नव्हे. तरीही नकाराची किंमत यात दिसते. या आजाराच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक मायकेल डिबेकी यांना स्वतःलाच तो २००५च्या ३१ डिसेंबरला झाला. वय ९७. ह्यूस्टनमध्ये भूल देण्यास नकार मिळाला, नैतिकता समितीची बैठक झाली आणि अखेर फेब्रुवारी २००६ मध्ये त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. ते जुलै २००८ पर्यंत जगले. एका उदाहरणाने नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणतो. पण कोणत्या आकड्याने त्यांना शस्त्रक्रियेस पात्र ठरवले असते?

रुग्णाच्या तपासणीवर आणि सीटी स्कॅनवर आधारलेल्या अंदाजात रक्ताच्या आकड्याने भर पडते, असे अन्य रुग्णालयांतील रुग्णांवर कोणी दाखवले, तर माझा आक्षेप मी मागे घेईन. तोवर शल्यचिकित्सकांना एकच विनंती आहे: लॅक्टेट चढलेले दिसले तर घाई करा, नकार देऊ नका.