रक्ताची गुठळी आणि तिचा क्रमांक

फौजेत ज्याचं नाव हजेरीपटावर नाही, तो मैदानात उभा असला तरी हिशेबात धरला जात नाही. आजारांचंही तसंच आहे. आज पाहू पायाच्या खोल शिरेतली रक्ताची गुठळी, म्हणजे डीव्हीटी, या हजेरीपटावर कशी आली.

सुरुवात युद्धापासूनच. क्रिमियाच्या युद्धात (१८५३–५६) ब्रिटिश शिपाई गोळीपेक्षा आजारानं जास्त मेले. हे आकड्यांनी दाखवलं फ्लोरेन्स नाइटिंगेलनं, विल्यम फार या सांख्यिकीतज्ज्ञाच्या मदतीनं. सगळ्या रुग्णालयांनी एकाच पद्धतीनं नोंदी ठेवाव्यात, असा आग्रह तिनं १८६० मध्ये धरला. १८९३ मध्ये जाक बर्तियाँनं मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात जिवंत रुग्णांचे आजारही आले.

नोंदीचं मोल १९४० मध्ये लंडनमध्ये दिसलं. बॉम्बहल्ल्यांच्या काळात लोक आसऱ्याच्या जागी रात्रभर आरामखुर्चीत बसून झोपत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचं शवविच्छेदन करणाऱ्या कीथ सिम्पसन यांना दिसलं. गुठळी पायात तयार होऊन फुप्फुसात पोचत होती. कागदावर नुसतं ‘हृदय बंद पडलं’ एवढंच लिहिलं गेलं असतं, तर खुर्चीवर संशय कुणी घेतला असता?

आता क्रमांकांकडे येऊ. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीत डीव्हीटीला आय ८०.२ हा क्रमांक मिळाला, पण घर मिळालं ‘शिरेचा दाह’ या गटात. अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५ पासून स्वतःची विस्तारित आवृत्ती लागू केली. तिच्यात पायातली ताजी गुठळी आय ८२.४ आणि जुनी, अजून शिरेत असलेली, आय ८२.५. पुढचे आकडे नेमकी शीर आणि उजवा की डावा पाय हे सांगतात. पूर्वी होऊन गेलेल्या गुठळीचा क्रमांक आणखी वेगळा, झेड ८६.७१८.

हा कारकुनी कीस नव्हे. बरा झालेला माणूस दर तपासणीला ‘ताजी गुठळी’ म्हणून नोंदला गेला, तर एका रुग्णाचे चार होतात. उलट ताजीला जुनी म्हटलं, तर धोक्याचा इशाराच कागदावरून पुसला जातो. अतिउंचावर दीर्घकाळ तैनात असलेल्या जवानांमध्ये गुठळ्या होतात, हे आपल्या सैन्यातल्या डॉक्टरांनी नोंदलं आहे. कोणत्या चौकीवर, किती दिवसांनी, कुणाला जपायचं, हे मोजणी खरी असेल तरच कळेल.

म्हणून एक विनंती. घरात कुणाला हा त्रास झाला असेल, तर डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. पाय कोणता, गुठळी ताजी की जुनी, हे स्पष्ट नसेल तर डॉक्टरांना विचारा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी नवा डॉक्टर आधी तोच मागेल.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.