प्रतिकृतीवरील हैदराबाद : लढाऊ विमानांचे जोडणी-संच आणि निजामाचे संस्थान

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्लॅस्टिक प्रतिकृती जोडण्याचा छंद सामान्यतः मुलांच्या खेळात जमा केला जातो. मराठवाड्याच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन म्हणूनही या संचांकडे पाहता येते. उस्मानपुऱ्यासह आजचे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचे औरंगाबाद, १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि या संस्थानाचे नाव संचांच्या माहितीपत्रकांत आजही छापले जाते.

इंग्लंडमधील एअरफिक्स कंपनीने स्पिटफायरचा पहिला संच १९५० च्या दशकात विक्रीस आणला. त्याचे प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांस एक इंच. त्यामुळे ३६ फूट १० इंचांचा पंखविस्तार सहा इंचांहून किंचित अधिक लांबीत मावतो. पुढे विविध कंपन्यांच्या संचांत निरनिराळ्या स्क्वाड्रनांच्या खुणांच्या चिकटपट्ट्या येऊ लागल्या. त्यांतील ‘यूएम’ ही अक्षरे १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रनची. १९४० मध्ये ही स्क्वाड्रन दक्षिण इंग्लंडच्या वॉर्मवेल तळावरून लढली आणि नंतर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आली. तेथील तिच्या विमानांवर झेपावणारा काळा चित्ता रंगविलेला असे. ही खूण छंदिष्टांना विशेष प्रिय आहे. त्या आघाडीवर वर्तुळचिन्हातील तांबडा रंग जपानी चिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून गाळला होता. चांगला संच एवढा तपशीलही सोडत नाही.

कंसातील ‘हैदराबाद’ कोठून आले, हे मात्र संच क्वचितच सांगतो. ते संस्थानाच्या देणगीतून आले. स्क्वाड्रनच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार आहे आणि ‘फेथफुल अॅलाय’ (विश्वासू दोस्त) हे ब्रीद आहे. पहिल्या महायुद्धातही ११० स्क्वाड्रनची डीएच-९ए विमाने निजामाच्या पैशातून आली होती. त्यांपैकी १९१८ मध्ये जर्मनांच्या हाती पडलेले एक विमान पुढे पोलंडमधील क्राकूव येथे होते. १९७७ मध्ये ते लंडनच्या संग्रहालयात परतले, तेही एका स्पिटफायरच्या बदल्यात! त्याच्या अंगावर निजामाच्या दानाचा लेख आहे.

लेखात दात्याचे नाव आहे, करदात्याचे नाही. संस्थानाच्या उत्पन्नाचा मोठा आधार शेतसारा होता आणि तो भरणाऱ्यांत मराठवाड्याची रयतही होती. तिची संमती विचारणारी जबाबदार राज्यपद्धती संस्थानात नव्हती. ती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये बंदी आली. त्याच वर्षी औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’चा लढा आरंभिला. त्यानंतर दोनच वर्षांनी ‘हैदराबाद’ हे नाव धारण करणारी स्पिटफायर विमाने इंग्लंडच्या आकाशात लढत होती. तेव्हा प्रतिकृतीची साक्ष रंग, अक्षरे व आकार यांपुरतीच विश्वसनीय मानावी. पैशाचा माग महसुली दप्तरांत घ्यावा लागतो.

सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय वायुदलाची टेम्पेस्ट ही ब्रिटिश बनावटीची लढाऊ विमाने याच संस्थानाविरुद्ध वापरली गेली. टेम्पेस्टचेही जोडणी-संच निघालेले आहेत.